चार वायरी

शंकरपटाच्या रात्री, वडशापासून सात कोसांवर,
तिसऱ्या अंकात कुंदाबाई लांजेवार
मेलेल्या लेकाच्या चपलांपुढं बसल्या
आणि बोलायचं थांबल्या.
ऑर्गन थांबला. तबला थांबला.
थांबली नाही ती माझी गिटार.
तारांवर तळवा दाबून धरलेला, तरी घूंऽऽऽ.
जनरेटरचं, हॅलोजनचं,
मंडपामागच्या चहावाल्याच्या ट्यूबलाइटचं,
सगळ्यांचं ऐकून घेणारी एकच गुंडाळी तिच्या पोटात.
बाईंनी वादकांच्या खड्ड्याकडं पाहिलं.
बस्स, पाहिलं.

सीझनचे पैसे हाती आले तेव्हा ठरलं,
गिटार नवी, आणि घरीच करायची.
लाकूड शिवणीचं, मावसभावाच्या आरागिरणीतलं,
दोन पावसाळे खाल्लेलं, हलकं,
टिचकी मारली की लगेच ओ देणारं.
लाकडाचं सोपं होतं.
अडलं पिकअपवर.

हंबकर हवा, एवढं नक्की. पण कोणता?
नागपूरचा दुकानदार फोनवर
हॉटेलातल्या पोऱ्यासारखा एका दमात म्हणाला:
अल्निको दोन, अल्निको पाच, सिरॅमिक,
सात किलोओहम, नऊ, चौदा, सोळा.
गरम पाहिजे की नरम?
मला एक चपलांचा जोड आठवत होता.
तो त्याला कसा सांगू?

म्हणून हेमराज सहारेकडं गेलो.
पंपाच्या जळक्या मोटारी भरतो तो.
दारात काळ्या पडलेल्या तांब्याच्या तारेचे झुबके,
आत वॉर्निशचा वास.
कागदावर चित्र काढून दिलं.
त्यानं ते उभं धरलं, आडवं धरलं,
चष्मा कपाळावर नेला.
'ह्यात का आहे गा कठीन?
दोन गुंडाळ्या. एक सुलटी, एक उलटी.
चुंबकाचं तोंड एकीला इकडं, एकीला तिकडं.
लाइनीचं रडनं दोघींत सारखंच शिरते,
उलटसुलट होऊन जाग्यावरच मरते.
तुझ्या तारेचं मात्र दोनदा उलटते,
म्हून सुलटं होते.'
मग जरा थांबून:
'तीस वर्सं गुंडाळतो गा मी, घुमावं म्हून.
गप बसावं म्हून कोनी गुंडाळते,
हे आजच ऐकलं.'

त्याच्याकडची सगळ्यात बारीक तारही
पिकअपला दोरखंड ठरली असती.
तयारच मागवायचे होते. निवड मात्र त्यानंच केली.
'मानेजवळचा कमी फेऱ्यांचा घे, नरम.
तुले बाईच्या आवाजाखाली ऱ्हायचं आहे,
डोक्यावर नाही.'
ब्रिजला सिरॅमिक चालेल, मी म्हटलं,
खलनायकाच्या एंट्रीला.
'आन् वायरी मोजून घे.
दोनच निघत असल तर नको. चार पाहिजेत.'
काहून?
'एक गुंडाळी बंद करता आली पाहिजे.
मानूस मागाहून काहीही मागतो.'

पुढच्या सीझनला, सिंदेवाहीकडच्या एका गावात,
त्याच चपला, तोच अंक.
कुंदाबाई थांबल्या आणि खरंच काही नव्हतं.
तिसऱ्या रांगेतलं तान्हं चोखत होतं, ते ऐकू आलं.
कापडी पडद्याचा बांबू करकरला.
बाई नेहमीपेक्षा लवकर उठल्या.

पहाटे चार वाजता, खोबरेल तेलानं रंग पुसताना म्हणाल्या,
'आज तुमचं ते घूं नव्हतं जी.'
बंद केलं बाई. एकवीस हजार लागले.
'हां,' म्हणाल्या. दुसरा गाल पुसला.
'त्याच्यावर पाय ठेवून
मी रडायला खाली उतरत होती.'

दोन वायरी इतके दिवस
टेपखाली झोपवून ठेवल्या होत्या.
हेमराजनं टेप काढली, विचारलं काही नाही.
शिवणीला ड्रिल लावलं,
गोडसर भुसा टेबलावर पडला.
एक छोटा स्विच, पंधरा रुपयांचा.
वायरीचं टोक दातानं सोलत
त्यानं एकदाच वर पाहिलं:
'जागी कोनती ठेवू गा,
सुलटी का उलटी?'